देवालाच जाळायला निघालेला बाप : योझेफ रोटचा मेंडेल सिंगर

कंदीलवाला

(कादंबरीचा शेवट खाली फोडला आहे. वाचायची असेल तर इथेच थांबा, धागा कुठे पळून जात नाही.)

न्यूयॉर्कमधली खोली. मेंडेल सिंगर नावाच्या म्हाताऱ्या ज्यू मास्तराने चुलीत जाळ केलाय. हातात लाल मखमलीची पिशवी. पिशवीत तल्लीथ म्हणजे प्रार्थनेची शाल, तेफिलीन म्हणजे कपाळाला नि दंडाला बांधायच्या चामड्याच्या डब्या, आणि प्रार्थनेची पुस्तकं. हे सगळं त्याला आगीत टाकायचंय. डोक्यात संताप मावत नाहीये, पण इतकी वर्षं रोज सकाळी जे हात त्या पट्ट्या बांधत आले ते हात ऐकत नाहीत. पिशवी हातातच राहते. जाळ-धूर बघून शेजारीपाजारी धावत येतात, म्हातारा घर पेटवतोय की काय म्हणून. काय जाळतोयस, तर म्हणतो देवाला जाळायचंय.

ऑस्ट्रियन लेखक योझेफ रोटची 'हिओब' ही १९३० सालची जर्मन कादंबरी. हिओब म्हणजे मराठी बायबलातला ईयोब, काही गुन्हा नसताना ज्याच्यावर संकटांमागून संकटं कोसळतात तो. पुस्तक लहान आहे, दोन-तीन बैठकांत संपतं, आणि मग महिनाभर डोकं खातं. त्या डोकं खाण्याबद्दलच हा धागा.

गोष्ट थोडक्यात सांगतो. झारच्या रशियातलं झुखनोव हे गाव. काल्पनिक आहे, पण कागदपत्रांसाठी मेंडेल दुबनोला खेटे घालतो, म्हणजे आजच्या युक्रेनच्या पश्चिमेचा टापू. घराच्या स्वयंपाकघरातच डझनभर पोरांना तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, शिकवायचा आणि त्यावर चूल पेटवायची, हा त्याचा पेशा. बायको देबोरा. मुलं योनास आणि शेमारिया, मुलगी मिर्याम. चौथा मेनुखिम अपंग, झटके येणारा, 'मामा' म्हणजे आई, या एका शब्दापलीकडे काही न बोलणारा. पुढे योनास आपखुशीने झारच्या फौजेत जातो. शेमारियाला कापतुराक नावाचा दलाल पैसे घेऊन सरहद्दीपार काढतो आणि तो अमेरिकेत पोहोचून सॅम होतो. मिर्याम कोसॅक, म्हणजे झारच्या घोडदळातल्या, शिपायांबरोबर हिंडायला लागते. ते कळताच मेंडेल सगळ्यांना घेऊन अमेरिका गाठायचं ठरवतो. सगळ्यांना म्हणजे मेनुखिमला सोडून. त्याला बिलेस नावाच्या कुटुंबाकडे ठेवतात. मग पहिलं महायुद्ध. योनास बेपत्ता, सॅम अमेरिकेच्या बाजूने लढताना मरतो, बातमी ऐकून देबोरा जाते, मिर्यामचं डोकं फिरतं आणि तिला इस्पितळात टाकावं लागतं. चुलीचा प्रसंग त्याच्यानंतरचा.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट.

मेंडेलवर अन्याय झाला हे कोणीही म्हणेल. पण आरोपी किती आहेत बघा. गरिबाची पोरं उचलून फौजेत घालणारा झार. सरहद्दीवर माणसांचा धंदा करणारा कापतुराक. आपल्याला काडीचा संबंध नसलेलं युद्ध. यातल्या एकाविरुद्धही मेंडेल तोंड उघडत नाही. अंमलदारासमोर तो वाकतो, कारकुनासमोर चुळबुळतो. तक्रार करतो ती एकट्या देवाची. आणि ती करताना काय म्हणतो? देव हा एक मोठा क्रूर इस्प्रावनिक आहे. इस्प्रावनिक म्हणजे झारच्या राज्यातला जिल्ह्याचा पोलीस अंमलदार, आपल्या जुन्या भाषेत फौजदार. बलवानांना तो करंगळीच्या नखाने चिरडू शकतो, पण तो गरिबालाच धरतो, असं मेंडेलचं गाऱ्हाणं.

मला हे फार जबरदस्त वाटलं. जन्मभर ज्या फौजदाराला तो घाबरला त्याला शिवी द्यायची हिंमत त्याला देवाला शिवी देतानाच आली. देवाशी त्याचं नातं करारासारखं होतं. मी माझी बाजू पाळली, तू तुझी पाळली नाहीस. झाराशी असला करार कधी नव्हताच, मग त्याच्याकडे मागणार काय?

पण रोट बापाला एवढ्यावर सोडत नाही. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे, वाचताना सहज सुटून जातो. देवीची लस टोचायला सरकारी डॉक्टर गावात येतो. मेनुखिमला बघून म्हणतो, हा बरा होऊ शकेल, इस्पितळात पाठवा. फुकट. देबोराचा जीव खालीवर होतो. मेंडेल नाही म्हणतो. तिथे पोरगा रशियन पोरांत वाढणार, एक पवित्र शब्द कानावर पडणार नाही, दूध-मांस एकत्र खाणार, जे ज्यूंना वर्ज्य. देवाच्या मनात नसेल तर कुठला डॉक्टर बरा करणार?

आणि शेवटी मेनुखिम बरा होतो तो कसा? झुखनोवहून डॉक्टरच्या हाती लागून, पीटर्सबर्गला जाऊन. बापाने जे दार लावून घेतलं होतं त्याच दारातून.

मग अन्याय नेमका कोणी केला? मेंडेलची फिर्याद खोटी नाही. पण फिर्यादीच्या हातालाही काहीतरी लागलेलं आहे, हे रोट एकदाही ओरडून सांगत नाही. तुम्ही कसं वाचलंत?

---

रानजाई

वाचलीय. इंग्रजीतून. आणि मेंडेलबद्दल मला तुमच्याइतका कळवळा वाटला नाही, स्पष्टच सांगते.

तुम्ही मिर्यामला एका वाक्यात उरकलंत. कादंबरीही तिला फार जागा देत नाही, पण देते ती बघा. संध्याकाळी शेतातून कोसॅकाबरोबर येताना बाप तिला पाहतो. त्यानंतर त्याची सगळी चक्रं फिरायला लागतात. दुबनोच्या कचेऱ्या, कारकून, तिकिटं, जहाज. जो माणूस आजारी पोरासाठी इस्पितळापर्यंत जायला तयार नव्हता तो पोरीची अब्रू वाचवायला अख्खा समुद्र ओलांडतो. आणि ओलांडताना आजारी पोराला मागे टाकतो. ज्याला टाकू नका, तो बरा होईल असं देबोराला रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, बजावून सांगितलं होतं, त्यालाच.

पुरुषाचा देव, पुरुषाचा राग आणि पुरुषाची इज्जत. देबोरा मधल्या मधे केस उपटत मरून जाते.

---

तात्पर्यशून्य

धागा छान. पण शेवट!! अहो, शेवट म्हणजे सरळ सत्तरच्या दशकातला हिंदी सिनेमा. मागे टाकलेला मेनुखिम मोठा संगीतकार होऊन परततो, नाव बदललेलं, खिशात पैसा, गाडी दाराशी. फक्त अर्ध्या तुटलेल्या लॉकेटची कमी होती. दोनशे पानं कडक वास्तव लिहायचं आणि मग चमत्कार? मला फसवल्यासारखं वाटलं.

---

शनिवारकर

बऱ्याच दिवसांनी इथे लिहायचा मोह झाला. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू, मूळ अलिबागकडचे आम्ही, घरात मराठीच. आमच्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत, घाणा शनिवारी बंद म्हणून. हे इतिहासाच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलंच असेल.

तात्पर्यशून्य यांना तो शेवट सिनेमातला वाटला, मला मात्र तो अगदी घरातला वाटला. का ते सांगतो.

मेनुखिम परततो ती रात्र पेसाखची आहे, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाची, त्यातल्या सेदेर या विधीच्या जेवणाची. त्या रात्री टेबलावर एक जादा प्याला भरून ठेवतात, एलियाहू हन्नाबीसाठी, म्हणजे प्रेषित एलियासाठी. ठरलेल्या वेळी दार उघडायचं, की त्याने आत यावं. कादंबरीत मेंडेलचा मित्र स्कोवरोनेक याच्या घरी हेच होतं. दार उघडतात, कोणी नसतं, पुन्हा लावतात. सगळे पुढच्या प्रार्थनेला लागतात. आणि मग थोड्या वेळाने थाप पडते. रोटने ही वेळ उगाच निवडली नाही. जगभरचे ज्यू दरवर्षी दार उघडतात आणि दरवर्षी बाहेर नुसता जिना असतो. लहानपणी आम्ही पोरं दाराकडे टक लावून बसायचो आणि मोठी माणसं प्याल्यातली दारू कमी झाल्याचं सांगून आम्हाला बनवायची.

त्यात आमचं आणि एलियाहू हन्नाबीचं नातं जरा जास्तच जवळचं. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा खडकावर आहेत अशी आमची श्रद्धा. नवस बोलायचा तो त्याच्या नावाने, फेडायचा तो मलिद्याने. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, आणि सगळ्यांनी मिळून त्याचं गाणं म्हणायचं. परीक्षा पास झाली, मलिदा. आजारातून उठला, मलिदा. परदेशी निघाला, मलिदा. त्यामुळे रब्बीने देबोराला दिलेला शब्द मला भविष्यवाणी वाटलाच नाही. बोललेला नवस वाटला. आणि नवस उशिराने फळतो हे आमच्या आज्यांना पाठ असतं.

एक मात्र आहे. मेंडेलचा राग माझ्या वडिलांना समजला नसता. ते त्याच्याइतकेच देवभोळे होते, शनिवारी दिवा न लावणारे. पण आमच्या लोकांनी भारतात पोग्रोम, म्हणजे ज्यूंवरचा जमावाचा हल्ला, पाहिला नाही. ज्यू म्हणून शेजाऱ्याने घर जाळलं, ही आठवणच आमच्याकडे नाही. मेंडेलच्या देवाला फौजदाराचं तोंड का आलं, हे झारच्या मुलखात राहिल्याशिवाय कळणं अवघड.

रानजाई, तुमचं मिर्यामबद्दलचं पटलं. आमच्याकडेही वेगळं झालं असतं असं म्हणायची माझी हिंमत नाही.

---

कंदीलवाला

शनिवारकर, काय सुरेख लिहिलंत. इतके दिवस कुठे होतात?

@तात्पर्यशून्य, शेवटाबद्दल माझं म्हणणं असं. रोट हा काही गोडमिट्ट शेवट करणारा लेखक नव्हता. जन्म १८९४, ब्रोडी गावात, ऑस्ट्रियाच्या गॅलिशिया प्रांतात, रशियन सरहद्दीच्या अगदी कडेला. मोठा पत्रकार होता, फ्रांकफुर्टच्या प्रसिद्ध दैनिकाचा बिनीचा वार्ताहर. पूर्वेकडून पश्चिमेला वाहत जाणाऱ्या ज्यूंवर त्याने १९२७ साली एक अख्खं पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे कापतुराकसारखे दलाल, जहाजावरच्या गर्दी, कागदांचे घोळ, हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

आणि 'हिओब' लिहिली तेव्हा त्याच्या घरात काय चाललं होतं? बायको फ्रीडल १९२८च्या सुमाराला स्किझोफ्रेनियाने आजारी पडली. तो तिला एका इस्पितळातून दुसऱ्यात नेत होता, पैसे पुरत नव्हते, आणि दोष आपलाच असं त्याने मनाशी घेतलं होतं. मिर्यामचा आजार हा त्या वर्षांतला आहे. आता बघा, मेनुखिमला चमत्कार मिळतो, मिर्यामला मिळत नाही. तिच्याबद्दल मेनुखिम फक्त 'कदाचित' म्हणतो. ज्या दुखण्याशी रोट स्वतः राहत होता तिथे त्याने चमत्कार घातला नाही. फसवणूक करायची असती तर तिथेच आधी केली असती ना?

पुढचं कादंबरीबाहेरचं आहे, पण सांगायला हवं. ३० जानेवारी १९३३, हिटलर चॅन्सेलर झाला त्या दिवशी रोट जर्मनी सोडून पॅरिसला गेला. २७ मे १९३९ रोजी दारूने पोखरलेला तिथेच वारला. पुढच्या वर्षी, १९४० साली, नाझींनी फ्रीडलला ऑस्ट्रियातल्या हार्टहाइमला नेऊन विषारी वायूने मारलं. मनोरुग्ण आणि अपंगांना 'ओझं' ठरवून संपवायची जी मोहीम होती तिच्यात. म्हणजे मेनुखिम आणि मिर्याम, दोघंही त्या यादीत बसले असते. हे कळल्यावर मेनुखिमचं बरं होऊन येणं मला सिनेमातलं वाटेनासं झालं.

---

तात्पर्यशून्य

हे माहीत नव्हतं. तरी लेखकाचं दुःख खरं म्हणून शेवट खरा होत नाही, हे माझं मत कायम. पण परत एकदा वाचेन.

---

फिर्यादी

पेशाने वकील, त्यामुळे 'अन्याय' शब्द दिसला की कान टवकारतात.

ईयोबाचं मूळ पुस्तक नीट वाचलं तर ते जवळपास कोर्टातलं प्रकरण आहे. ईयोब काय मागतो? आजार बरा कर असं फारसं म्हणत नाही. माझ्यावरचा आरोप काय ते सांग म्हणतो. समोर ये, सुनावणी घे. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र आहेत सरकारी वकिलाच्या थाटात. शिक्षा झाली म्हणजे गुन्हा असणारच, असा त्यांचा युक्तिवाद. आणि गंमत म्हणजे शेवटी देव चिडतो तो मित्रांवर. त्याची बाजू मांडणारे हरतात, भांडणारा जिंकतो.

रोटच्या कादंबरीतही स्कोवरोनेक वगैरे मित्र जमतात आणि मेंडेलला ईयोबाचीच आठवण करून देतात. पण हे मित्र मूळ पुस्तकातल्यांपेक्षा कितीतरी बरे. उपदेश फसल्यावर ते त्याला सोडून जात नाहीत, स्कोवरोनेक तर आपल्याकडे राहायला जागा देतो. युक्तिवाद हरला तरी जेवण चालू.

आता कंदीलवाला यांच्या मुद्द्याला जोड. मेंडेलने झारला कोर्टात का खेचलं नाही? कारण त्याच काळात दुसऱ्या एका मेंडेलला झारनेच कोर्टात खेचलं होतं. मेंडेल बेइलिस, कीवमधल्या विटांच्या कारखान्यातला कारकून, पाच लेकरांचा बाप. १९११ साली एका ख्रिस्ती मुलाचा खून झाला आणि ज्यूंनी धार्मिक विधीसाठी रक्त काढलं, असला मध्ययुगीन आरोप ठेवून त्याला उचललं. पोलिसांना खऱ्या गुन्हेगारांचा माग होता तरीसुद्धा. दोन वर्षांहून जास्त काळ तुरुंग, आणि १९१३ साली ज्यूरीने निर्दोष सोडलं. ज्यूरीत बहुतेक शेतकरी होते, हे विशेष.

या खटल्यावरून प्रेरित इंग्रजी कादंबरीही आहे, तिला १९६७ साली पुलित्झर मिळालं. तिथे अन्यायाला चेहरा आहे, शिक्का आहे, आरोपपत्र आहे. रोटच्या मेंडेलकडे यातलं काहीच नाही. त्याला कोणी अटक केली नाही, कोणी मारलं नाही. मुलगा पळाला, मुलगी बहकली, युद्ध झालं, बायको गेली. कलम कुठलं लावणार? म्हणूनच तो सर्वांत वरच्या कोर्टात जातो. खालची कोर्टं त्याचं प्रकरण दाखलच करून घेणार नाहीत.

---

ओवी_अभंग

देवाशी भांडण म्हटलं की आपल्याला तुकोबा आठवणारच. विठोबाला दिवाळखोर काढणारे, तू मेलास असं तोंडावर सांगणारे. जनाबाईच्या शिव्या तर विचारूच नका. मेंडेल मला वारकरीच वाटला.

---

शनिवारकर

ओवी_अभंग, मलाही आधी तसं वाटलं होतं. पण फरक आहे. तुकोबा भांडतात तेव्हा विठोबा समोर उभा असतो, कटेवर हात ठेवून. भांडणात लाड आहे. मेंडेलचं भांडण वकिलासारखं कोरडं आहे, फिर्यादी म्हणतात तसं. आणि भांडून झाल्यावर तो काय करतो ते जास्त बोचतं. प्रार्थना बंद करतो, पण प्रार्थनेपासून लांब जात नाही. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. दहावा कमी पडला की मेंडेलला बोलावतात. तो येतो, पण हजेरीचे पैसे घेतो! कधी कधी स्वतःचे तेफिलीनही थोडे पैसे घेऊन दुसऱ्याला वापरायला देतो. इटालियन वस्तीत जाऊन डुकराचं मांस खातो, देवाला खिजवायला.

मिन्यानचं वाचून मी मोठ्याने हसलो. कोकणातल्या आमच्या प्रार्थनालयांत आता दहा जण जमवणं ही खरंच कसरत असते. बरीचशी माणसं इस्रायलला गेली, उरली ती मुंबई-ठाण्याला. सणावाराला शेजारच्या गावातून गाडी पाठवून दहावा आणावा लागतो. तो दहावा मनातून देवावर रुसलाय का, हे कोणी विचारत नाही. मोजायला माणूस लागतो. रोटला हे माहीत होतं, म्हणून त्याचा नास्तिक झालेला मेंडेलसुद्धा समाजाच्या उपयोगाचा राहतो.

आणि एक. डुकराचं मांस खाऊन देवाला खिजवायचं तर देव आहे हे धरूनच चालावं लागतं. खऱ्या नास्तिकाने चवीसाठी खाल्लं असतं.

---

रानजाई

हाहा, शेवटचं वाक्य भारी. +१

---

गोधडी

मी इथे वाचते जास्त, लिहिते कमी. माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे, लहानपणापासून झटके येतात, बोलणं मोजकं. म्हणून ही कादंबरी माझ्या हातात पडली, एका मैत्रिणीने दिली आणि घाबरत घाबरतच दिली.

सगळे चुलीच्या प्रसंगाबद्दल बोलताय. माझ्यासाठी पुस्तक दुसरीकडे आहे. मेंडेल मेनुखिमला मांडीवर घेऊन बसतो आणि बायबलचं पहिलं वाक्य त्याच्याकडून म्हणवून घ्यायला बघतो. प्रारंभी देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली. म्हण ना, म्हण. पुन्हा पुन्हा. मास्तर माणूस, त्याला दुसरं काय येणार? पोरगा काही म्हणत नाही. मग मेंडेल चमच्याने चहाच्या ग्लासावर टिंग करतो, आणि पोरगा मान वळवतो. डोळ्यांत काहीतरी हलतं. बाप परत वाजवतो.

हा प्रसंग लिहिणाऱ्याने असं मूल जवळून पाहिलेलं असणार, असं मला वाटून गेलं. आमच्याकडे प्रेशर कुकरची शिट्टी होती. बाकी कशालाही दाद न देणारा माझा मुलगा शिट्टीला हसायचा, मी डाळ शिजल्यावरही गॅस बंद करायची नाही.

त्या घरात ऐकायचे कान फक्त मेनुखिमला होते आणि बापाकडे द्यायला फक्त शब्द होते. पुढे तो संगीतकार होतो हे मला अजिबात चमत्कार वाटलं नाही. खूण पहिल्या भागातच आहे. बापाने ती पाहिली, वाजवलीसुद्धा, पण तिचं काय करायचं हे त्याला कळलं नाही.

इस्पितळ नाकारण्याबद्दल. मेंडेलला दोष देणं सोपं आहे. आम्ही काहीही नाकारलं नाही. एका मोठ्या दवाखान्यात वर्षभर हेलपाटे घातले, तिथल्या बाईंनी दर वेळी मुलासमोर 'याचा काही उपयोग नाही' असं ऐकवलं. त्याला कळत नाही असं त्या धरूनच चालायच्या. दुसऱ्या ठिकाणी चांगले डॉक्टर भेटले, झटके आटोक्यात आले. म्हणून म्हणते, मेंडेल अडाणी होता, पण परक्या माणसांच्या हाती पोर द्यायची त्याची भीती खोटी नव्हती. आणि नंतर हार्टहाइमचं वर वाचलं तेव्हा पोटात गोळा आला.

भावंडं त्याचं डोकं पावसाच्या पाण्याच्या पिंपात बुडवतात तो भाग मी गाळून पुढे गेले. वाचू शकले नाही.

---

कंदीलवाला

गोधडीताई, चमच्याचा प्रसंग मी वाचला होता, पण त्याचा धागा शेवटापर्यंत असा सरळ जातो हे तुमच्यामुळे दिसलं. मेंडेल स्कोवरोनेकच्या ग्रामोफोनच्या दुकानात राहतो, आणि युरोपातून आलेल्या तबकडीवर एक गाणं ऐकून अस्वस्थ होतो. ते त्याच्या मुलाचं असतं, हे त्याला तेव्हा कळत नाही. म्हणजे शेवटीसुद्धा ओळख पटायच्या आधी मुलगा बापाशी सुरांतूनच बोललाय.

---

तात्पर्यशून्य

बरं, हे मान्य. लॉकेटपेक्षा चमचा बरा.

जाता जाता माहिती. १९३६ साली हॉलिवूडने या कादंबरीवर सिनेमा काढला. त्यात ज्यू औषधालाही नाहीत! मेंडेलच्या जागी ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या डोंगरातला ख्रिस्ती बाप, चर्चची घंटा वाजवणारा. देवाशी भांडणारा ज्यू बाप दाखवण्यापेक्षा त्याचा धर्मच बदलून टाकला. मी कादंबरीला सिनेमा म्हणालो खरा, पण सिनेमावाल्यांना ती पेलली नाही असं दिसतंय.

---

रानजाई

म्हणजे बापाचं दुःख ठेवलं आणि ते का झालं तेवढं काढून टाकलं. झारची सक्तीची भरती नाही, ज्यूंना राहायला आखून दिलेला मुलूख नाही, वीसेक लाख माणसांनी १८८१ ते १९१४ मध्ये अमेरिकेची वाट का धरली ते नाही. मग उरतो फक्त एक रडका म्हातारा.

आता माझी शेवटची कुरकुर. फिर्यादी, ईयोबाला शेवटी सगळं दुप्पट मिळतं ना?

---

फिर्यादी

जनावरं दुप्पट. सात हजार मेंढरांची चौदा हजार, तीन हजार उंटांचे सहा हजार. मुलं मात्र दुप्पट नाहीत, पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली, आधी होते तेवढेच. मेलेली पोरं मेलेलीच. त्यांच्याबद्दल पुस्तक चकार शब्द काढत नाही, नवी दिली की हिशेब मिटला. हजारो वर्षं वाचणाऱ्यांना ही जागा खुपत आलीय.

रोट इथे मूळ पुस्तकापासून बाजूला होतो. मेंडेलला नवं कोणी मिळत नाही. सॅम आणि देबोरा परत येत नाहीत. जो सोडून दिला होता तोच परत येतो, आणि योनासबद्दल जिवंत असल्याची नुसती कुणकुण. भरपाई म्हणावी तर आकडा कुठेच जुळत नाही.

---

शनिवारकर

शेवटच्या पानांतली एक गोष्ट कोणीच काढली नाही. मेनुखिम बापाला गाडीतून समुद्राकडे नेतो आणि तिथे मेंडेल डोक्यावरची रेशमी टोपी स्वतःहून मागे सरकवतो. आयुष्यात पहिल्यांदा. आमच्यासारख्या घरात वाढलेल्याला हे वाचताना दचकायला होतं. देवाशी समेट झालाय ना, मग टोपी मागे का? मला अजून ठरवता येत नाही. माझ्या बायकोचं मत, म्हाताऱ्याला उकडत असेल.

---

कंदीलवाला

वहिनींचं मत नोंदवून घेतलं आहे :)

माझ्या मते समेट झाला तो जुन्या करारावर नाही. चुलीपाशी त्याने फौजदार देवाला बाहेर काढलं, आणि तो काही परत आत आलेला नाही. मेंडेल पुन्हा प्रार्थना करतो, पण भीती गेलेली आहे.

---

रानजाई

भीती त्याची गेली. मिर्याम अजून इस्पितळातच आहे.